हिने सोडलेलं पिल्लू

बैठक सकाळी होती आणि मी आदल्या दिवसापासून ते सहा आकडे मनात घोकत होतो. आदल्या दिवसापासून कसले, ही माझी बायको गेल्यापासून घोकतच होतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो तरी ओठ हलायचे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मिस्त्रीला वाटायचं, मी हिच्याशी बोलतोय. एकदा त्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, बोल, बोललं की हलकं वाटतं. मी मान हलवली. आकडे पाठ करतोय हे त्याला सांगितलं असतं तर त्याने मला घरीच पाठवलं असतं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. ही सूर्याचा अभ्यास करायची. आमचं जुळलं कसं, असं लोक विचारायचेच. हिच्या संस्थेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली होती आणि ही आत होती. मी वरचं दार उघडून तिला हात दिला. "लिफ्टमधून सोडवलं आणि जन्माचं अडकवलं," असं ती माझ्यासमोरच सगळ्यांना सांगायची. पुढे मुलगी झाली. लहानपणी ती खाऊ उशीखाली साठवायची म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. खारू आईच्याच वाटेने गेली आणि शिक्षण संपल्यावर आईच्याच गटात कामाला लागली. जेवताना त्या दोघी सूर्यावर भांडायच्या आणि मी वाढायचो.

त्यांचं काम मला समजलं तेवढं सांगतो. विश्वात जे दिसतं त्यापेक्षा वजन पुष्कळ जास्त आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे इतक्या जोरात फिरतात की ते कधीच भिरकावले जायला हवे होते. जात नाहीत, म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. त्याला कृष्णपदार्थ म्हणतात. तो कशाचा बनलाय ते कुणालाच माहीत नाही. एक अंदाज असा, की त्याचे कण फार हलके असतील, आणि सूर्याजवळून जाताना तिथल्या चुंबकी क्षेत्रात एखाद्या कणाचा क्ष-किरण होत असेल. तसं असेल तर त्या सगळ्या किरणांची ताकद सारखीच असेल. मग आलेखावर, जिथे काहीच असायला नको अशा जागी, एक छोटासा उंचवटा दिसेल.

तो उंचवटा शोधायला यांच्या गटाने बुटांच्या खोक्याएवढा उपग्रह सोडला होता. मोठ्या दुर्बिणी सहसा सूर्याकडे तोंड करत नाहीत, त्यांना तो उजेड सोसत नाही, आणि त्यांच्यासाठी रांगही मोठी असते. हा खोका मात्र दुसरं काहीच करत नव्हता. पृथ्वीभोवती फिरायचा, सूर्य दिसला की त्याच्याकडे बघायचा आणि किती ताकदीचे क्ष-किरण कुठल्या क्षणी आले त्याच्या नोंदी खाली पाठवायचा.

आता यांची पद्धत. माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसायला लागतं, हे शास्त्रज्ञांना चांगलं माहीत असतं. म्हणून गटातल्या एकाच माणसाला मुभा असते, की त्याने वाटल्यास नोंदींमध्ये खोटे किरण मिसळायचे. मिसळले की नाही ते कुणाला सांगायचं नाही. बाकीच्यांनी खरं समजूनच सगळं तपासायचं, निष्कर्ष लिहायचा, त्यावर सह्या करायच्या, आणि मगच त्या माणसाने उठून सांगायचं की खोटं घातलं होतं किंवा नव्हतं. या खोट्याला गटात पिल्लू म्हणायचे. मला पद्धत लगेच पटली. लिफ्टची जादा वजनाची घंटा वाजते का ते बघायला आम्हीही केबिनमध्ये मुद्दाम वजनं ठेवतो. फरक इतकाच, की आमची वजनं सगळ्यांना दिसतात.

पिल्लू सोडायचं काम हिच्याकडे होतं. आणखी एक नियम होता. त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर काय, म्हणून त्याने गटाबाहेरच्या एकाला तोंडी सांगून ठेवायचं. लिहायचं नाही, कारण लिहिलेलं कुणाच्या तरी हाती लागतं. हिने मला निवडलं. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, म्हणूनच.

पण ठणठणीत होती तोवर तिने काही सांगितलं नाही. सांगितलं ते दवाखान्यात.

तोपर्यंत दुखणं हाडात गेलं होतं. वेदना थांबवायला जे औषध चालू होतं त्याने ती मधूनमधून भरकटायची. खोलीत सायकल कुणी आणून ठेवली, असं विचारायची. सायकल नव्हती. मला एकदा तिच्या काकांच्या नावाने हाक मारली. एका दुपारी मात्र तिने डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. म्हणाली, मी पिल्लू सोडलंय. मग सहा आकडे सांगितले. खोटे किरण तयार करणारा प्रोग्राम या आकड्यांनी सुरू केला होता. तेच आकडे पुन्हा दिले की तो तेच किरण, त्याच वेळांचे, पुन्हा तयार करतो. मग ते नोंदींमधून एकेक करून वेचून काढता येतात. तिने माझ्याकडून आकडे परत परत म्हणवून घेतले. आणि त्याच दमात म्हणाली, मला घरी ने, आता हे औषधपाणी नको.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं की या औषधावर असलेल्या रुग्णाचा शब्द धरू नये. उपचारांची एक फेरी बाकी होती, थोडे दिवस मिळाले असते. खारू तेव्हा लांब होती, उपग्रहाचे संदेश घेणाऱ्या केंद्रावर. फोनवर ती रडून सांगत होती, की आई शुद्धीवर नाही, मी येईपर्यंत काही करू नकोस. मी सही केली आणि हिला घरी आणलं. खारू पोचली तेव्हा हिची वाचा गेली होती. दुसऱ्या दिवशी ही गेली.

दिवस झाल्यावर खारू मला एकदाच बोलली. "तिच्या बडबडीवर सही केलीस तू, बाबा." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. रविवारी यायची, भाजी आणायची, माझी औषधं तपासायची, सगळं नीट करायची. नर्स करते तसं.

मी तिला काय उत्तर देणार? मला तरी कुठे माहीत होतं? ही त्या दुपारी शुद्धीवर होती असं मला वाटलं होतं. पण मला तसंच वाटून घ्यायचं होतं. तिचे हाल मला बघवत नव्हते, आणि ती म्हणाली, घरी ने, ते माझ्या पथ्यावर पडलं असेल. रात्री कूस बदलताना हाच विचार यायचा. शेवटी माझ्याजवळ एकच गोष्ट होती, ते सहा आकडे. ते खरे निघाले तर त्या दुपारी तिचं डोकं ठिकाणावर होतं. ते खोटे निघाले तर मी एका भ्रमातल्या बाईला उचलून घरी आणलं होतं. पडताळून बघायचं तर नोंदी संस्थेत होत्या, आणि सह्या होईपर्यंत तोंड उघडायचं नाही हा नियम होता.

गटाचे प्रमुख भेटायला आले होते. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. बसले, हिच्या फोटोकडे बघत राहिले, आणि दारातून परत जाताना हळूच विचारलं, तिने तुम्हाला काही सांगून ठेवलंय का? मी म्हटलं, हो. मी पुढे बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. म्हणाले, मला सांगू नका, मी तुमच्या पाया पडलो तरी सांगू नका. आणि घाईने जिना उतरले. लिफ्ट चालू होती तरी.

मग उंचवटा सापडला. मला कुणी सांगितलं नाही, पण खारूचं वजन उतरलं आणि डोळे चमकायला लागले, त्यावरून मला कळलं. तिनेच तो पहिल्यांदा पाहिला होता. खरा असेल तर जगात कुणालाच न सापडलेली गोष्ट तिला सापडली होती, आईच्या यंत्रातून. रविवारी जेवायला बसलो की ती ताटात बघूनच जेवायची. एकदा मी विचारलं, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस का आता? तर म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, बाबा. म्हणून बघत नाही." मला वाटलं होतं ती रागावलेली आहे. रागावलेली होतीच, पण ती नियमही पाळत होती.

ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. एकेका लिफ्टचा ब्रेक दोनदोनदा तपासायचो, खाली येऊन पुन्हा वर जायचो. आकडे विसरलो तर, या भीतीने झोप उडायची, आणि झोप उडाली की आकड्यांची अदलाबदल व्हायची. आणि एक भलतीच इच्छा मनात यायची, की पोरीचा उंचवटा खरा निघू दे. तो खरा निघावा तर हिचे आकडे खोटे निघायला हवेत. एका वेळी दोन्ही मागता येत नव्हतं, तरी मी मागत होतो.

बैठकीची खोली संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, भिंतीवर पडदा, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. गटातले सगळे आले होते. उपग्रह स्वतःच्या हाताने जोडणारी इंजिनिअर होती, तिला सगळे सोल्डरबाई म्हणतात. तिने माझ्यासाठी पुढची खुर्ची ओढली आणि म्हणाली, आज नवरदेव तुम्हीच. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. खारू टेबलाच्या त्या टोकाला, कॉम्प्युटरसमोर बसली होती. नोंदी तपासायचं काम तिचंच होतं.

कप्तानांनी पडद्यावर आलेख लावला. सपाट रेघ आणि मध्ये एक उंचवटा. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. एवढ्याशा टेंगळासाठी माणसं वर्षानुवर्षं जागतात. सगळ्यांनी सह्या केल्या. आता यापुढे कुणालाही काही बदलता येणार नव्हतं. मग कप्तान माझ्याकडे वळले.

मी उभा राहिलो. म्हटलं, तिने पिल्लू सोडलंय.

खोलीतला वारा गेल्यासारखं झालं. खारूने मान खाली घातली. मी आकडे सांगितले, कप्तानांनी ते फळ्यावर लिहिले. मग त्यांनी विचारलं, हे तिने तुम्हाला केव्हा सांगितलं? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी खारूकडे बघून उत्तर दिलं. "दवाखान्यात. मला घरी ने म्हणाली, त्याच दुपारी. आधी हे सांगितलं आणि मग ते."

खारूने वर पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या तोंडाकडे सरळ बघत होती.

औषध चालू होतं का, असं कप्तानांनी अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, चालू होतं. खारूने आकडे प्रोग्रामला दिले. त्याने खोट्या किरणांची यादी काढली, आणि ती नोंदींशी ताडून बघायला सुरुवात झाली. वेळेला वेळ जुळायला हवी होती. सगळे पडद्याकडे बघत होते. मी टेबलाची कड धरली होती.

एकही जुळला नाही.

खारूने आकडे पुन्हा घातले. मी पुन्हा सांगितले, एकेक करून. पुन्हा तेच.

कुणी लगेच आनंद दाखवला नाही, माणसं चांगली होती. पण खोलीत काहीतरी सैल झालं ते मला जाणवलं. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. कप्तान माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ती फार आजारी होती, यात कुणाचा दोष नाही. नियमाप्रमाणे विचारलं, उत्तर मिळालं, पडताळलं. पिल्लू नाही. म्हणजे जे दिसतंय ते... आणि तिथे ते थांबले. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मागून कुणीतरी खारूचं अभिनंदन केलं.

मी खाली बसलो. डोक्यात एकच चाललं होतं, ती सायकल. खोलीत सायकल दिसत होती तिला. ते आकडेही तसेच कुठून तरी आलेले. आणि घरी ने म्हणाली, तेही तसंच. दवाखान्याच्या कागदावर मी सही करताना पेन चालत नव्हतं, नर्सने दुसरं दिलं होतं, ते मला आठवलं. तेव्हाच थांबलो असतो तर थोडे दिवस मिळाले असते. खारू वेळेत पोचली असती. खारूकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तिला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि ती म्हणत होती तेच खरं ठरलं होतं.

बोलण्याची कुजबुज वाढली. कुणीतरी खाली चहा सांगायला निघालं. तेवढ्यात खारूने सोल्डरबाईला विचारलं, घड्याळ दुरुस्त व्हायच्या आधीच्या नोंदी कुठे आहेत?

सोल्डरबाईने कपाळाला हात लावला. मला काही कळलं नाही. खारू सगळ्यांना सांगत होती, पण बघत होती माझ्याकडे. उपग्रहाचं घड्याळ किंचित पुढे पळत होतं. आई गेल्यावर ते लक्षात आलं आणि सगळ्या नोंदींच्या वेळा सरसकट दुरुस्त केल्या. सगळ्या, म्हणजे आईने मिसळलेल्या असतील तर त्यासुद्धा. प्रोग्राम मात्र अजून जुन्याच वेळा सांगणार. जुळतील कशा?

कप्तान म्हणाले, अगं, सह्या झाल्यात. रागाने नाही म्हणाले. थकल्यासारखे म्हणाले. त्यांना कळलं होतं की पोरगी बरोबर बोलतेय.

खारू म्हणाली, "सह्या उंचवट्यावर झाल्यात, सर. आई खरं बोलली की नाही, ते अजून बघितलंच नाही कुणी."

जुन्या नोंदी दुसऱ्या साठ्यात होत्या, त्या काढायला वेळ लागला. चहा आला, कुणी प्यायलं नाही. खारूने कीबोर्डवरचे हात उचलले नाहीत. मला वाटत होतं, उठून तिला सांगावं, राहू दे. खरंच वाटत होतं. आहे ते चांगलं आहे, तुझं नाव होईल, माझं काय, मी निभावून नेईन. पण मी उठलो नाही. मला कळायला हवं होतं.

तिने बटण दाबलं. पडद्यावर पहिली ओळ जुळली. मग दुसरी. मग इतक्या भराभर जुळायला लागल्या की वाचता येईना. यादी संपली तेव्हा एकही किरण उरला नव्हता, सगळे सापडले होते. खारूने ते वजा केले आणि आलेख पुन्हा काढला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

मग सोल्डरबाई डोळे पुसत म्हणाली, काय बाई होती, जाता जाता सगळ्यांना मामा बनवून गेली. दोघंतिघं हसले. कप्तान खुर्चीत बसले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं, की पद्धत तरी बरोबर ठरली. लपवलेलं आपल्याला सापडलं, म्हणजे खरं असतं तर तेही सापडलं असतं. आता लिहायचं की इथे काही नाही. एवढ्या ताकदीपर्यंत बघितलं, नाही. पुढचा उपग्रह आणखी बारीक बघेल. ते हे सगळ्यांना सांगत होते, पण स्वतःलाच समजावत होते.

माणसं एकेक करून बाहेर गेली. जाताना काहींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काहींनी खारूच्या. नक्की कुणाचं सांत्वन करायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

आम्ही दोघंच उरलो. खारू कॉम्प्युटर बंद न करता तशीच बसली होती. मी तिच्याजवळची खुर्ची घेतली. तिचं फार मोठं काहीतरी गेलं होतं. मला मात्र हलकं वाटत होतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. माझी बायको त्या दुपारी शुद्धीवर होती. तिला मरण दिसत होतं आणि तिने ते घरी यावं असं ठरवलं होतं. यात आता काही शंका घ्यायला जागा नव्हती, आणि जागा नव्हती म्हणून ते जास्तच लागत होतं.

"बाबा," खारू म्हणाली, "ती काय काय बोलली ते सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं. आधी तिने पिल्लाचं सांगितलं. मग आकडे. मी चौथा आकडा चुकवला तेव्हा म्हणाली, मठ्ठ रे मठ्ठ, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. खारूने ओठ दाबून धरले. मग ही म्हणाली, मला घरी ने. मी विचारलं, खारूला काय सांगू? तर म्हणाली, तिला पटणार नाही, ती चिडेल, चिडू दे.

"आणि मग?"

"मग पाणी मागितलं. म्हणाली, गारच दे, कोमट नको."

खारूने डोळे मिटून घेतले. मग तिने विचारलं, घरी आणल्यावर ती कुठल्या खोलीत झोपली होती, खिडकी उघडी होती का, आणि मी आठवेल तसं सांगत गेलो.